चार रस्त्यावरचा एक क्षण आणि वयपत्रकातील एक ओळ

आमच्या शाळेच्या कार्यालयात एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या सर्वांत खालच्या कप्प्यात जाड पुठ्ठ्याच्या बांधणीच्या काही वह्या आहेत. महाराष्ट्रातल्या शाळांत ज्या नोंदवहीला जनरल रजिस्टर म्हणतात, तिला इकडे गुजरातेत वयपत्रक असे नाव आहे. शाळेत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक मुलाचे नाव, वडिलांचे नाव, मूळ गाव आणि जन्मतारीख या वहीत एका ओळीत मावते. एका ओळीत मावणारा हा मजकूर पुढे माणसाच्या आयुष्यात किती दूरवर जाऊन पोचतो, याचा विचार इतकी वर्षे नोकरी करूनही मी कधी गंभीरपणे केला नव्हता. तो करण्याची वेळ एका मोटार अपघाताने माझ्यावर आणली.

मार्च २०२४ मधील गोष्ट. शाळा सुटण्याच्या सुमारास एक प्रौढ बाई कार्यालयाच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. चेहरा ओळखीचा वाटला, नाव आठवेना. "गुरुजी, पोऱ्याना हात गया हो," एवढेच त्या बोलल्या आणि पदर डोळ्यांना लावून तिथेच खाली बसल्या. सुरतेत लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना ही भाषा नवी नाही. खानदेशातून तापी लाइनच्या गाडीने येऊन लूमच्या खात्यात राबलेली ही पिढी. घरात अजूनही अहिराणी, बाजारात गुजराती आणि मुलांच्या शाळेत मराठी.

त्यांचा मुलगा आमचाच जुना विद्यार्थी. एम्ब्रॉयडरीच्या खात्यात मशीन चालवणारा कारागीर. रात्रपाळी संपवून सकाळी सातच्या पुढे तो मोटारसायकलवरून घरी निघाला होता. मागे खात्यातलेच दोन सोबती. एका सिग्नल नसलेल्या चार रस्त्यावर तो सरळ जात असताना समोरून येणारी मोटार एकाएकी उजवीकडे वळली. मागच्या दोघांचे खरचटण्यावर निभावले. याचा उजवा हात मोटारीखाली सापडला. हात तुटला नाही. परंतु अंगठा आणि शेजारची दोन बोटे मिटेनाशी झाली. ज्याला दिवसातून शेकडो वेळा सुईत धागा ओवायचा आहे, त्याच्या दृष्टीने हात गेला, हे त्या माउलीचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

पुढे त्यांनी जे सांगितले, ते ऐकून मी सावध झालो. मोटारवाल्याने स्वतःच मुलाला रुग्णालयात नेले, पहिल्या दिवसाचे पैसे भरले. घरच्यांना तो देवमाणूस वाटला, म्हणून कोणी पोलिसांत गेले नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या वतीने एक गृहस्थ पंचवीस हजार रुपये आणि एक टाइप केलेला कागद घेऊन आले. कागद गुजरातीत होता. 'समाधान झाले, आमची कोणतीही तक्रार नाही' अशा आशयाचा. "सही करायची का, हे विचारायला आले, गुरुजी." सही अजून झालेली नव्हती.

मी वकील नाही. परंतु आपल्या लोकांत शिक्षकाकडे अजूनही वकील, वैद्य आणि वडीलधारा अशा तिन्ही नात्यांनी पाहिले जाते. त्या नात्याने मी त्यांना म्हटले, "माय, आज सही करू नका. उद्या आपण माहितगाराला विचारू." त्यानंतरच्या दीड-दोन वर्षांत मी जे पाहिले आणि शिकलो, ते आपल्या मंडळींच्या घराघरांत पोचावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

चौकातच अपघात का?

दोन दुपदरी रस्ते एकमेकांना छेदतात तेव्हा वाहनांच्या वाटा किती ठिकाणी एकमेकींच्या आड येतात, याचे गणित वाहतूकशास्त्रज्ञांनी मांडले आहे. अशा साध्या चौकात ३२ संघर्षबिंदू असतात. त्यांपैकी १६ ठिकाणी वाटा एकमेकींना छेदतात, ८ ठिकाणी एकत्र येतात आणि ८ ठिकाणी फुटतात. तोच चौक गोल वर्तुळाचा केला की हे बिंदू ८ वर येतात. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, म्हणून उजवीकडे वळणारा माणूस समोरून येणाऱ्याची वाट कापूनच जातो. सबब थांबण्याचे कर्तव्य वळणाऱ्याचे असते. १९८९ च्या रस्ता-नियमावलीत चौकाशी वेग कमी करावा, मुख्य रस्त्यावरील वाहनास आणि इतर ठिकाणी आपल्या उजव्या हाताने येणाऱ्या वाहनास आधी जाऊ द्यावे, असे स्पष्ट सांगितले होते. त्या नियमावलीची जागा २०१७ मध्ये नव्या नियमांनी घेतली. चौकात सावधपणे शिरण्याचे बंधन कायम राहिले.

नियम पाळला गेला नाही आणि माणूस जायबंदी झाला, तर भरपाई कोणाकडे मागायची? आपल्या आजोबांच्या काळी त्यासाठी दिवाणी न्यायालयात रीतसर दावा लावावा लागे आणि दाव्याच्या रकमेवर कोर्ट फी भरावी लागे. गरिबाला ती वाट जवळजवळ बंदच होती. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ साली दुरुस्ती झाली आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे अस्तित्वात आली. आज १९८८ चा कायदा लागू आहे; तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. प्रत्येक वाहनाला तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा सक्तीचा असल्याने भरपाईची रक्कम बहुधा विमा कंपनी देते. गुजरातीत या भरपाईला 'वळतर' म्हणतात आणि आपली माणसेही घरात तोच शब्द वापरतात.

दावा कोठे लावायचा, याविषयी आपल्या लोकांत एक मोठा गैरसमज आहे. अपघात सुरत-धुळे महामार्गावर नवापूरजवळ झाला, तर दावाही तिकडेच लावावा लागेल, असे समजून पुष्कळ जण नाद सोडून देतात. कायद्याने तीन वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. अपघात झाला तेथील न्यायाधिकरण, जखमी माणूस जेथे राहतो किंवा धंदा करतो तेथील, अथवा ज्याच्यावर दावा आहे तो राहतो तेथील. म्हणजे गावी लग्नाला जाताना जखमी झालेला सुरतकर सुरतेतच दावा लावू शकतो.

मुदतीचा प्रश्न मात्र नाजूक आहे. १९९४ च्या दुरुस्तीने मुदतीची अट काढून टाकली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत दावा लावण्याचे बंधन आले. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने, निर्णय होईपर्यंत केवळ उशिराच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश दिला. तथापि सुज्ञाने या आदेशाच्या भरवशावर राहू नये. सहा महिन्यांच्या आतच दावा लावावा, हेच उत्तम.

आम्ही पोलिसांत गेलो तेव्हा पाच दिवस उलटून गेले होते. मनात धाकधूक होती. वकिलांनी धीर दिला. रुग्णालय पोलिसांना जी खबर पाठवते, तिच्यात अपघाताची नोंद होतीच. शिवाय फिर्यादीला उशीर झाला एवढ्यावरून खरा दावा खोटा ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली रवी विरुद्ध बद्रीनारायण या खटल्यात सांगितले आहे. आपला माणूस शस्त्रक्रियेच्या टेबलावर असताना घरचे लोक आधी पोलिसठाण्यात धावणार नाहीत, ही साधी माणुसकीची गोष्ट न्यायालयाने ओळखली.

चहाच्या टपरीवरील एका माणसाने सारा प्रकार डोळ्यांनी पाहिला होता. तो आधी बोलायला तयार नव्हता. साक्ष म्हटली की आपलाच फेरा सुरू होतो, अशी त्याची समजूत. जखमीला मदत करणाऱ्यास पोलिसांनी त्रास देऊ नये, त्याला नाव सांगण्याची सक्ती करू नये, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मान्य केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्याला कायद्यातच स्थान मिळाले. हे समजावून सांगितल्यावर तो आपण होऊन आला. त्याची साक्ष मोलाची ठरली. कारण विमा कंपनीने पहिला मुद्दा काढला तो मोटारसायकलवर तिघे बसल्याचा.

तिघे बसणे हा गुन्हा आहे आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. वर्गात मुलांना मी तेच शिकवतो. पण त्या गुन्ह्याचा दंड वेगळा आणि अपघाताची जबाबदारी वेगळी. महंमद सिद्दीक विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स या खटल्यात जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तिघे बसल्यामुळेच अपघात झाला किंवा त्यामुळेच इजा वाढली असे सिद्ध झाल्याखेरीज, केवळ तेवढ्या कारणाने भरपाई कापता येत नाही. आमच्या मुलाच्या बाबतीत धडक समोरून बसली होती. मागे एक असता, दोघे असते किंवा कोणीच नसते, तरी मोटार उजवीकडे वळलीच असती.

हाताची किंमत कशी ठरते?

पुष्कळांना वाटते की न्यायाधीश दुःख पाहून अंदाजाने आकडा सांगतात. तसे नाही. २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जखमी माणसाच्या भरपाईचा सारा हिशेब सोप्या रीतीने घालून दिला. औषधोपचाराचा खर्च, उपचाराच्या काळात बुडालेली कमाई, पुढे कायमची घटणारी कमाई, पुढील उपचार, सोसलेल्या वेदना आणि जगण्यातील हिरावलेले सुख, अशी त्याची अंगे आहेत. त्यातला सर्वांत महत्त्वाचा विचार असा की डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावरील अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईतील घट या दोन भिन्न गोष्टी आहेत. न्यायालयाने दिलेले उदाहरण बोलके आहे. डावा हात गेलेला माणूस चालक किंवा सुतार असेल, तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते. तोच माणूस सरकारी कारकून असेल आणि त्याची नोकरी टिकली, तर कमाईत घट होईलच असे नाही. म्हणून आधी तो माणूस काय काम करीत होता, आता काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे तपासले पाहिजे.

एम्ब्रॉयडरीच्या कारागिराची बोटे ही त्याची पदवी असते. आमच्या वकिलांनी खात्यातल्या एका जुन्या कारागिराला साक्षीला बोलावून धागा ओवणे, तुटलेला धागा सांधणे, कापड चौकटीत ताणून बसवणे या साऱ्या कामांचे वर्णन करायला लावले. प्रमाणपत्रावरील कोरड्या आकड्यामागे काय दडले आहे, ते त्या साध्या माणसाच्या बोलण्यातून उघड झाले.

आता हिशेबाची रीत पाहू. वानगीदाखल आकडे मी माझ्या मनाने घेतले आहेत. समजा, कारागिराची मासिक कमाई १८,००० रुपये. म्हणजे वर्षाची २,१६,०००. चाळिशीच्या आतील स्वतंत्र कमावत्याच्या किंवा ठरावीक पगारदाराच्या कमाईत पुढील वाढ म्हणून ४० टक्के मिळवायचे, असे २०१७ च्या प्रणय सेठी खटल्यातील निर्णयाने ठरले. बेरीज ३,०२,४०० झाली. कमाईतील घट ४० टक्के धरली, तर वर्षाचे नुकसान १,२०,९६० रुपये. याला वयानुसार एका ठरलेल्या अंकाने गुणायचे. हे गुणक २००९ च्या सरला वर्मा खटल्यात निश्चित झाले. २६ ते ३० वयाला १७, ३१ ते ३५ ला १६, ३६ ते ४० ला १५, आणि असे उतरत ५१ ते ५५ ला ११. तीस वर्षांच्या माणसाला १७ ने गुणले की २०,५६,३२० रुपये होतात. तोच माणूस एकतीस वर्षांचा ठरला की गुणक १६ आणि रक्कम १९,३५,३६०. एका वर्षाच्या फरकाने १,२०,९६० रुपये कमी.

आणि कमाईचा पुरावाच नसेल तर? रोख पगार, पावती नाही, बँकेत जमा नाही, ही आपल्या कित्येक घरांतील स्थिती. मग न्यायाधिकरणाला किमान वेतनाचा किंवा अंदाजाचा आधार घ्यावा लागतो. समजा तो अंदाज १२,००० रुपयांचा आला, तर त्याच रीतीने रक्कम १३,७०,८८० होते. म्हणजे कागद नसल्यामुळे ६,८५,४४० रुपये हातचे गेले. अपघाताने नेले ते वेगळेच.

घरातील गृहिणीची कमाई शून्य समजण्याची चूकही कोणी करू नये. दिल्लीत १२ एप्रिल २०१४ रोजी सकाळी मोटारसायकलवरून जाणाऱ्या एका जोडप्याला एका चौकात भरधाव मोटारीने धडक दिली आणि दोघेही गेले. मागे लहान मुली राहिल्या. कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या नावाने तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायाधिकरणाने दोघांबद्दल मिळून ४०.७१ लाख दिले होते, उच्च न्यायालयाने ते २२ लाखांवर आणले आणि ५ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ३३.२० लाख केले. न्यायमूर्ती रमणा यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात २०११ च्या जनगणनेचा दाखला दिला. घरकाम हाच आपला मुख्य व्यवसाय, असे सांगणाऱ्या स्त्रिया देशात सुमारे १६ कोटी होत्या. त्यांच्या श्रमाला पगार नाही, म्हणून मोल नाही असे मानणे चुकीचे, असे त्यांनी बजावले. आपल्या घरातील आयाबहिणींच्या राबण्याचा हा एका परीने गौरवच म्हणायचा.

एक जूनचा जन्म

आता मी माझ्या स्वतःच्या ओळीकडे येतो.

दाव्याला वयाचा पुरावा हवा होता. मुलाच्या आधार कार्डावर जन्मतारीख होती १ जानेवारी १९९३. शाळेच्या दाखल्यावर होती १ जून १९९३. अपघात मार्च २०२४ चा. आधारप्रमाणे त्याला एकतीस वर्षे पूर्ण झालेली, दाखल्याप्रमाणे तीसच. सोळा की सतरा, हा प्रश्न या दोन तारखांवर येऊन ठेपला होता.

मी वयपत्रक काढले. १९९८ सालचे पान उघडले आणि अक्षर पाहून चपापलो. ते माझेच होते. त्या वर्षी मी शाळेत सहायक शिक्षक होतो आणि प्रवेशाचे काम माझ्याकडे होते. त्या एका पानावर वीस मुले होती आणि त्यांतील तेरांचा जन्म १ जूनचा होता.

माझ्या पिढीच्या शिक्षकांना याचे कारण सांगायला नको. जूनमध्ये शाळा भरणार, त्या वेळी मुलाला ठरलेली वर्षे पूर्ण झालेली हवीत, आणि आईबापांना तारीख ठाऊक नाही. मग गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. महाराष्ट्रात काय आणि गुजरातेत काय, एका संपूर्ण पिढीचे वाढदिवस असे एकाच दिवशी येतात. आम्हांला ती सोय वाटे. किंबहुना उपकार केल्याचे समाधानही वाटे. पुढे आधार कार्डे निघाली, तेव्हा ज्यांना नुसते वर्ष सांगता आले, त्यांच्या नावावर १ जानेवारी पडली. पहिली सोय मास्तरांची, दुसरी यंत्राची.

याच सुमारास, २४ ऑक्टोबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. सरोज विरुद्ध इफ्को-टोकियो हे त्या खटल्याचे नाव. हरियाणातील एका माणसाचा ऑगस्ट २०१५ मध्ये अपघाती मृत्यू झाला होता. शाळेच्या दाखल्यावर त्याचा जन्म १९७० सालचा, आधार कार्डावर १ जानेवारी १९६९ चा. दाखला मानला तर गुणक १४, आधार मानले तर १३. न्यायाधिकरणाने १९,३५,४०० रुपये दिले होते, उच्च न्यायालयाने आधारवरील वय आणि इतर कारणे धरून ९,२२,३३६ केले, आणि सर्वोच्च न्यायालयाने शाळेचा दाखलाच ग्राह्य मानून १५ लाख रुपये दिले. आधार हे ओळखीचे साधन आहे, जन्मतारखेचा तो स्वयंसिद्ध पुरावा नव्हे, असा त्याचा आशय. आमच्या वकिलांना तो निकाल म्हणजे आयते शस्त्र वाटले. मला मात्र त्या दिवसापासून झोप लागेना. न्यायालयाने ज्या दाखल्यावर इतका विश्वास टाकला, तो लिहिणारा हात माझ्यासारख्याचाच.

साक्षीचे समन्स आले. वयपत्रक कापडात गुंडाळून मी अठवालाइन्सच्या न्यायालयात गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिलो. शपथ घेतली. नोंद वाचून दाखवली. मग विमा कंपनीच्या वकिलांनी अत्यंत सभ्यपणे एकच प्रश्न विचारला. "मास्तरसाहेब, ही तारीख तुम्ही कशाच्या आधारे लिहिली?"

बाकावर ती माउली बसली होती. शेजारी तिचा मुलगा, डाव्या हाताने उजवा हात सावरून. 'पालकांनी जन्माचा दाखला दाखवला होता' एवढे म्हटले असते, तर पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट कोण तपासणार होते? तो मोह मला झाला, हे येथे लपवीत नाही. परंतु ज्या वयपत्रकावर विसंबून मी उभा होतो, त्याचाच आधार मी खोट्याने तोडला असता. मी म्हणालो, "वर्ष आईने सांगितले. महिना आणि दिवस मी लिहिला. त्या काळी तशी प्रथा होती."

"म्हणजे तारीख खोटी आहे?"

"दिवस सोयीचा आहे, साहेब. वर्ष खरे आहे." मग मला त्या दिवसाचे आईचे बोलणे आठवले, ते मी सांगितले. त्या म्हणाल्या होत्या की प्लेगच्या आदल्या वर्षीचा जन्म, आषाढातला. सुरतेत प्लेगची साथ आली सप्टेंबर १९९४ मध्ये. अर्धे शहर गाड्यांना लोंबकळून बाहेर पडले होते. तो प्रसंग विसरलेला सुरतकर कोणी नाही. आदले वर्ष म्हणजे १९९३. आषाढ म्हणजे जून-जुलै. जून १९९८ मध्ये शाळा भरली तेव्हा मुलाला पाच वर्षे पुरी होण्यास थोडे दिवस कमी पडत होते, म्हणूनच मी १ जून लिहिले. खरा जन्म त्यानंतरचा, आधीचा नव्हे.

न्यायाधीशांनी लेखणी थांबवून माझ्याकडे पाहिले आणि माझे उत्तर शब्दशः लिहून घ्यायला सांगितले. माझ्या सत्यकथनाने दाव्याचे भले झाले की नुकसान, ते मला त्या क्षणी कळले नाही. बाहेर आल्यावर वकील थोडे नाराज दिसले. माउलीने मात्र वाकून नमस्कार केला आणि मला फार संकोच वाटला.

हा लेख लिहीपर्यंत निकाल लागलेला नाही. लागेल तेव्हा दाव्याच्या दिवसापासूनचे व्याज देण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. दरम्यान लोकअदालतीत तडजोडीचा प्रस्ताव आला होता. लोकअदालत ही गुजरातची देशाला देणगी आहे. १४ मार्च १९८२ रोजी उना येथे पहिली लोकअदालत भरली. तिथे प्रकरणे लवकर मिटतात, पण तिथल्या निवाड्यावर अपील नसते, म्हणून आकडा समजून घेतल्यावाचून सही करू नये. त्या कुटुंबाने हिशेब मांडला आणि थांबायचे ठरवले. ज्या घराला तिसऱ्या दिवशी पंचवीस हजार मोठे वाटले होते, ते घर आता स्वतःचा हिशेब स्वतः मांडू शकत होते. मला यातच मोठे यश वाटते.

न्यूझीलंडसारख्या छोट्या देशाने १९७४ पासून अपघातग्रस्ताला दोष कोणाचा हे न विचारता भरपाई देण्याची पद्धत सुरू केली. आपल्याकडेही १९८२ पासून दोष सिद्ध न करता काही रक्कम मिळण्याची सोय झाली. १ एप्रिल २०२२ पासून ती मृत्यूबद्दल ५ लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल २.५ लाख रुपये आहे. तथापि नुकसानीची पुरती भरपाई हवी असेल, तर पुराव्यानिशी न्यायाधिकरणापुढे जाण्याला पर्याय नाही. खर्चाची भीती बाळगू नये. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना १९८७ च्या कायद्यान्वये विनामूल्य वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात त्याचे कार्यालय असते.

वाचकहो, शेवटी आपल्या घरांसाठी चार गोष्टी सांगतो. अपघात झाल्यास कोऱ्या किंवा न समजणाऱ्या कागदावर सही करू नका, मोटारवाला कितीही सज्जन असो. रुग्णालयाची प्रत्येक चिठ्ठी आणि औषधाची प्रत्येक पावती एका पिशवीत जपा. पगार शक्यतो बँकेत घ्या. मालक देत नसेल तर हातात आलेली रक्कम दरमहा स्वतःच्या खात्यात भरा. आणि घरातील प्रत्येकाची जन्मतारीख सर्व कागदांवर एकच आहे की नाही, ते आज संध्याकाळीच पाहा. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर जन्माचा दाखला हाच तारखेचा कायदेशीर आधार झाला आहे.

गेल्या जूनमध्ये तो मुलगा शाळेत आला होता. आता तो रिंगरोडच्या एका कापड बाजारात साड्यांना घडी घालण्याचे काम करतो. पगार पूर्वीपेक्षा बराच कमी. सोबत त्याची मुलगी, पहिलीत बसवायची होती. त्याने डाव्या हाताने पिशवीतून महापालिकेचा जन्मदाखला काढून माझ्यापुढे ठेवला. प्रवेशाचे काम आता तरुण शिक्षक करतात. त्या दिवशी मात्र मी वयपत्रक मागवून घेतले, चष्मा पुसला, आणि दाखल्यावरची तारीख आकड्यात आणि मग अक्षरांत, सावकाश लिहिली.